कोचीत उतरायचं कुठं?

टूर कंपनीबरोबर फिरणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधीच पडत नाही, तो म्हणजे मुक्काम कुठे करायचा. बस थांबते, बॅगा उतरतात, मॅनेजर खोल्यांच्या किल्ल्या वाटतो आणि पहाटे साडेपाचला उठवायला फोन वाजतो. आपण त्या शहराच्या कुठल्या कोपऱ्यात झोपलो होतो, हे घरी आल्यावर कुणी विचारलं तर सांगता येत नाही. काश्मीर, राजस्थान, चारधाम, सगळं मी असंच पाहिलं. निवृत्तीनंतर सासूबाईंना घेऊन केरळला जायचं मनात आलं, तेव्हा टूरवाल्यांनी त्यांचं वय विचारलं, ऐंशीच्या पुढचं ऐकलं आणि "बघू, कळवतो" म्हणाले. ते कळवणं काही आलं नाही. तेव्हा हे म्हणाले, "आपले आपण जाऊ. काय परदेश आहे का?"

पुण्याच्या भाच्यानं जबाबदारी घेतली. "मावशी, तिकीट, हॉटेल, सगळं मी बुक करतो. तू फक्त एरिया सांग."

एरिया सांग म्हणे! आमच्या तासगावात पाहुणा एसटी स्टँडपाशी उतरला काय आणि गणपतीच्या गोपुराजवळ उतरला काय, चालत दहा मिनिटांचा फरक. पस्तीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला, मुलांकडून नकाशे भरून घेतले, पण नकाशाकडे 'रात्री कुठे झोपायचं' या नजरेनं कधी बघितलं नव्हतं. भाच्यानं मोबाइलवर कोची उघडून दिलं, तर त्यात गाव कमी आणि पाणीच जास्त. एर्नाकुलम, फोर्ट कोची, मट्टनचेरी, विलिंग्डन आयलंड, वायपीन, बोलगट्टी, एडापल्ली, काकनाड. "यातलं कोची कुठलं?" मी विचारलं. "सगळंच," तो म्हणाला. मग रेल्वेच्या तिकिटावर कोची का नाही? तिकिटावर होतं एर्नाकुलम जंक्शन. शोधताना कळलं की एर्नाकुलम टाउन नावाचं आणखी एक स्टेशन आहे, आणि गावातले लोक ही दोन्ही नावं न घेता एकाला साउथ आणि दुसऱ्याला नॉर्थ म्हणतात. म्हणजे जिथे जायचंय त्याचं नाव तिकिटावर नाही आणि तिकिटावर जे नाव आहे ते रिक्षावाल्याच्या तोंडात नाही.

हॉटेलांच्या यादीत मला सगळ्यात आधी मरीन ड्राइव्ह दिसलं आणि हायसं वाटलं. चला, एक तरी ओळखीचं! मरीन ड्राइव्ह म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायला नको. फोटोत खिडकीतून अथांग पाणी दिसत होतं. पण नकाशा बोटानं मोठा केला तर त्या पाण्यापलीकडे पुन्हा जमीन. कोचीचं मरीन ड्राइव्ह समुद्रावर नाहीच, ते बंदराच्या खाडीवर आहे. समुद्र त्याच्याही पलीकडे, फोर्ट कोचीच्या पश्चिमेला. पाणी सगळीकडून दिसतं, समुद्र मात्र शोधावा लागतो, हे या गावाचं पहिलं कोडं. दुसरं कोडं अंतराचं. मरीन ड्राइव्हवरून फोर्ट कोची नकाशात समोरच दिसतं, पट्टी लावली तर तीन-चार किलोमीटर भरेल. रस्त्यानं जायचं तर खाली विलिंग्डन आयलंड, तोप्पुंपडी असा वळसा घालत बाराएक किलोमीटर. 'फोर्ट कोचीपासून फक्त अमुक किलोमीटर' असं हॉटेलवाले लिहितात, तेव्हा ते अंतर कावळ्याचं की रिक्षाचं, हे विचारून घ्यावं लागतं.

मग मी लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायला बसले. त्यानं तर डोकं पार फिरलं. एकाच फोर्ट कोचीबद्दल एकानं लिहिलेलं, 'अतिशय शांत, स्वर्ग आहे.' दुसऱ्यानं, 'रात्री नवाला सगळीकडे सामसूम.' शांत आणि सामसूम यांत फरक एवढाच, की पहिल्याचं जेवण झालेलं होतं. बीचबद्दलही तेच. कुणाला तिथला सूर्यास्त जन्मात न विसरण्यासारखा वाटलेला, तर कुणी म्हणत होतं की याला बीच म्हणणं हा बीचचा अपमान आहे. (पुढे मी स्वतः तिथे उभी राहिले आणि दोघंही खरं बोलत होते असं दिसलं, पण ते नंतर.)

हे असं विस्कटलेलं गाव झालं कसं, याची मास्तरीणबाईंना उत्सुकता वाटणारच. आमच्या पाचवी-सहावीच्या पुस्तकातला वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरायचा आणि धडा संपायचा. पुढे तो माणूस १५२४ साली कोचीतच मेला आणि तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला, हे मला या खोली शोधण्याच्या भानगडीत कळलं. नंतर १५३९ साली त्याचे अवशेष लिस्बनला नेले. कोचीचं बंदरच मुळी पुराची देणगी असं सांगतात. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, उत्तरेकडचं मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं भरलं आणि इकडे कोचीपाशी खाडीचं तोंड मोकळं झालं. त्या तोंडाशी आधी पोर्तुगीज बसले, १६६३ साली डच आले, १७९५ साली इंग्रज. फोर्ट कोची असं गोऱ्यांकडे, तर शेजारचं मट्टनचेरी आणि खाडीपलीकडचं एर्नाकुलम कोचीच्या राजाकडे. विलिंग्डन आयलंड तर देवानं केलेलंच नाही. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १९२० च्या दशकात बंदर खोल करायला घेतलं, तेव्हा निघालेल्या गाळाचं ते बेट. १९६७ साली या सगळ्यांची मिळून एक महानगरपालिका झाली. कागदावर शहर एक झालं, पण प्रत्येक वस्तीनं आपला बाजार, आपली देवळं-चर्चं आणि आपली निजायची वेळ जुनीच ठेवली. हे एकदा समजलं आणि मला जरा धीर आला. गोंधळ माझ्या डोक्यात नव्हता, गावातच होता.

तरी एरिया काही ठरेना. भाच्याचे फोन येत राहिले. शेवटी यांना आठवलं, "अगं, आपले गलाईवाले पाहुणे आहेत की कोचीत!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सराफाकडचं जुनं सोनं भट्टीत मुशीत वितळवायचं, तेजाबानं त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, हे काम. भारतात जिथे सोन्याची पेठ आहे तिथे भट्टीपाशी आमच्याकडचा एखादा माणूस सापडतोच, आणि केरळसारखं सोन्याचं वेड असलेलं राज्य त्यांनी कसं सोडलं असतं? हे पाहुणे म्हणजे यांच्या चुलत बहिणीचे दीर. मिसरूड फुटायच्या आत कोचीला गेले, आता मल्याळम घडाघडा बोलतात आणि मराठी मात्र विट्याचीच.

"वहिनी, हाटेल कशाला? आमच्याकडंच उतरा की," त्यांनी पहिलं वाक्य टाकलं. लगेच स्वतःच म्हणाले, "पर दुकानाच्या वर खोली हाय. जिना उभा शिडीवानी. म्हातारीला जमायचं न्हाई." मग त्यांनी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. म्हातारी किती पायऱ्या चढती? माळकरी हाय का? मासं खानारं कोन कोन? आणि शेवटी, "सांजच्याला सातनंतर तुमी काय करनार?"

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. सातनंतर काय करायचं असतं? जेवायचं आणि झोपायचं.

"तसं नसतंय वहिनी. दिवसा कुटंबी जाता येतंय. बोट हाय, बस हाय, मेट्रो हाय. समदा घोळ रातच्याला परत येताना व्हतोय. शेवटची बोट गेली की रिक्षावाला म्हनंल तो भाव. म्हनून जिथं सांज घालवायची तिथंच खोली घ्यायची."

भाच्याच्या ॲपमध्ये किंमत, तारे, नाश्ता, स्विमिंग पूल असं सगळं निवडायची सोय होती, पण 'संध्याकाळी काय करणार' हा रकाना नव्हता. मी वही घेऊन बसले आणि घरातल्या प्रत्येकाची संध्याकाळ विचारली. सासूबाई म्हणाल्या, "दिवेलागणीला देऊळ पायजे. मग हरिपाठ." हे म्हणाले, "पाण्याकाठी बसायचं. कुणी उठवायचं नाही." मला कथकली बघायची होती, आणि तीही वेशभूषा करतानापासून. तिघांच्या संध्याकाळी तीन ठिकाणी. देऊळ एर्नाकुलमला, कथकलीचे रोजचे खेळ फोर्ट कोचीला आणि पाणीकाठ सगळीकडे, त्यामुळे हे कुठेही खपणारे. असं मांडल्यावर निर्णय आपोआप झाला. आधी एर्नाकुलम, मग सामान उचलून फोर्ट कोची. भाचा कुरकुरला, "मावशी, एकाच शहरात दोन हॉटेलं कोण घेतं?" मी म्हटलं, हे एक शहर नाहीच आहे.

मिरजेहून लोंढा, मडगाव करत जाणारी पुणे–एर्नाकुलम गाडी आठवड्यातून एकदाच असते. संक्रांत उरकून आम्ही तिनं गेलो. 'साउथ'ला उतरलो. लॉज पाहुण्यांनी सुचवलेल्या भागात घेतला होता, शिवमंदिर आणि मुख्य बोट जेट्टी यांच्या अधेमधे. लॉजला दर्जा म्हणावा असं काही नव्हतं. पण लिफ्ट होती, खाली डोशाचं शाकाहारी हॉटेल होतं आणि मोठं सरकारी जनरल हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ऐंशीच्या पुढचं माणूस बरोबर असलं की ही तिसरी गोष्ट 'सी व्ह्यू'पेक्षा वरच्या नंबरावर येते. सुदैवानं हॉस्पिटलचं तोंड बघावं लागलं नाही.

संध्याकाळी देवळात गेलो. पुरुषांनी सदरा-बनियन काढून आत जायचं हा तिकडचा नियम यांना माहीत नव्हता. शर्ट हातात धरून, पोट आत ओढून उभे असलेले हे, आणि त्यांच्याकडे न बघता दीपाराधनेकडे डोळे लावून बसलेल्या सासूबाई. गाभाऱ्याचे दरवाजे उघडले, आत ओळीनं समया पेटलेल्या, चेंड्याचा आवाज घुमला. सासूबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उद्या परत येऊ." त्या रोज गेल्या. देऊळ लॉजच्या जवळ नसतं तर हे 'रोज' शक्यच नव्हतं, आणि पर्यटनस्थळांच्या कुठल्याही यादीत पहिल्या पाचात हे देऊळ मला दिसलेलं नव्हतं. तिथून निघून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. गाड्यांना बंदी असलेला लांबलचक फरसबंद रस्ता, शेंगदाणेवाले, कॉलेजची पोरं, पलीकडे बंदराचे दिवे. यांना जे हवं होतं ते मिळालं, म्हणजे कुणी उठवलं नाही.

खरी परीक्षा बोटीची होती. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जाणारी सरकारी जलवाहतूक खात्याची बोट म्हणजे तिथल्या लोकांची लाल परीच. तिकीट दहा रुपयांच्या आत, वीसेक मिनिटांचा प्रवास. ऑफिसात निघालेल्या बायका पर्स मांडीवर ठेवून झोपलेल्या, शाळेची मुलं खिडकीला. चढताना मात्र बघावं लागतं. बोट टायरांवर आपटत जेट्टीला लागते, खलाशी दोराचा फास खुंट्यावर फेकतो, आणि जेट्टीची कड आणि बोटीची कड यांच्यात मधे पाणी चमकत असतं. भरती-ओहोटीप्रमाणे पायरी कधी वर कधी खाली. सासूबाईंनी खाली बघितलं, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि खलाशानं पुढे केलेला हात असा काही पकडला की तो आत बसेपर्यंत सोडलाच नाही. बसल्यावर वारं लागलं आणि त्यांचा चेहराच पालटला.

परतताना वॉटर मेट्रोनं आलो. ही २०२३ साली सुरू झाली, बोटी कोचीच्याच गोदीत बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, आतून थंडगार. हायकोर्टपासून फोर्ट कोचीला तिकीट तेव्हा ४० रुपये होतं. हिचे धक्के तरंगते असतात, त्यामुळे भरती असो की ओहोटी, धक्का आणि बोट एका पातळीत राहतात. व्हीलचेअर सरळ आत जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हिच्यासारखी सोय नाही. आणि तरी सासूबाईंचं मत काय? "ही काचंतली बोट. वारंच न्हाई." पुढे प्रत्येक वेळी त्यांनी सरकारी बोटच मागितली. माणसाची सोय आणि माणसाची आवड एका बाकावर बसत नाहीत.

मट्टनचेरीत आम्ही खोली घेतली नाही, पण दिवस तिथे काढला आणि मला विचाराल तर सगळ्या कोचीत पुन्हा जावंसं वाटणारी जागा तीच. बाजार रोडवर जुन्या वखारी आहेत, आत सुंठीची पोती, मिरी, वेलदोडा. नाकात सुंठीचा असा ठसका जातो की शिंक आल्याशिवाय तो रस्ता पार होत नाही. डच पॅलेस म्हणतात तो वाडा मुळात पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिलेला. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, सासूबाईंनी त्यातला एकेक प्रसंग आम्हाला ओळखून दाखवला. वाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ सालचं ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी. त्या दोन वारी जाऊ नका. जवळच गुजराती रोड, तिथली मिठाईची दुकानं, जैन मंदिर. आणि चेरळाई भागात गौड सारस्वतांचं तिरुमला देवस्थान. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबं सोळाव्या शतकात इथे राजाच्या आश्रयाला आली. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या एका आजींशी सासूबाई मराठीत बोलायला लागल्या, त्या कोकणीत उत्तर देत होत्या, आणि दोघींचं गुडघ्यांच्या तेलावर एकमत झालं.

एक गोष्ट मला तिथेच समजली आणि शिकवायच्या वयात समजली असती तर वर्गात सांगितली असती. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा प्रचंड ग्रंथ डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं कोचीत तयार करून घेतला. १६७८ पासून तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. म्हणजे शिवाजी महाराज हयात असताना आपली अक्षरं हॉलंडात छापून निघाली होती.

तरीही मट्टनचेरीत राहायचं का? पहिल्यांदा जाणाऱ्यानं नको, असं माझं मत. दिवस मावळला की वखारींची शटर पडतात, गल्ल्यांतून ट्रक चालू होतात, आणि आपण बाहेरची माणसं कुठे उभं राहावं ते कळत नाही. ज्याला जुन्या पेठांचा नाद आहे त्यानं दुसऱ्या खेपेला जरूर राहावं.

फोर्ट कोचीला घरगुती होमस्टे घेतला. पाहुण्यांनी आधीच बजावलं होतं की तिथली डच-पोर्तुगीज काळातली घरं बघायला देखणी, पण वर जायचे लाकडी जिने खडे, म्हणून तळमजल्याची खोली फोनवर बोलूनच घ्यायची. घेतली. दाराबाहेर प्रचंड पर्जन्यवृक्ष, चर्चची घंटा, सायकलवरून हिंडणारे गोरे. सकाळी पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची आमटी. डास मात्र मनसोक्त. कोचीचे डास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, ओडोमॉस बरोबर ठेवा एवढंच म्हणते.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. वाळू अरुंद, मधे मधे वाहून आलेली जलपर्णी आणि प्लास्टिक. पोहायचा विचारही मनात येऊ नये असं पाणी. ज्याला लाटांत डुंबायचंय त्यानं वायपीन बेटाच्या उत्तर टोकाकडे चेराईला खोली घ्यावी, एर्नाकुलमपासून पंचवीसेक किलोमीटर. पण फोर्ट कोचीला लोक पोहायला येतच नाहीत, ते बघायला येतात. मालवाहू जहाज इतकं जवळून जातं की त्यावरचा माणूस हात करताना दिसतो. आणि कडेनं उभी असलेली चिनी जाळी. फोटोत ती पाहिलेली असतात, पण ती चालवतात कशी हे फोटोत कळत नाही. लांब लाकडी वाशांच्या टोकाला ताणलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लोंबणारे मोठे दगड. एक माणूस अनवाणी त्या मुख्य वाशावरून चालत पुढे जातो आणि त्याच्या वजनानं सगळा सांगाडा पाण्यात वाकतो. थोडा वेळ जातो. मग चार-पाच जण मिळून दोर ओढतात, दगड एकेक करून फळीवर टेकतात, जाळं वर येतं. आम्ही पाहिलं त्या खेपेला ओंजळभर कोळंबी आणि दोन बोटाएवढे मासे. दोर ओढणाऱ्यांत सामील व्हायला पर्यटकांना बोलावतात आणि मग पैसे मागतात. ओढायच्या आधी ठरवून घ्यावं.

कथकलीच्या रंगपटात मात्र मी इतकी रमले की खेळ सुरू झाल्याचं वाईट वाटलं. पाचला दार उघडतात, सहाला खेळ. नट जमिनीवर उताणा झोपलेला, दुसरा माणूस त्याच्या हनुवटीच्या कडेनं तांदळाच्या पिठाची आणि चुन्याची लुकण लावून त्यात कागदाची पांढरी पाळ बसवत होता. नट जागा की झोपलेला, सांगता येत नव्हतं. मग तो उठून बसला, एक बारीक बी तळहातावर चोळली आणि पापणीखाली सरकवली. थोड्या वेळात डोळे लालबुंद. खेळ संपला तेव्हा बाहेर अंधार पडला होता, आणि आम्ही रमतगमत चालत खोलीवर आलो. एर्नाकुलमला राहिले असते तर शेवटच्या अंकात माझं अर्धं लक्ष घड्याळात असतं. पाहुण्यांच्या बोलण्याचा अर्थ त्या चालण्यात कळला.

विलिंग्डन आयलंडवर मोठी तारांकित हॉटेलं आहेत, खोलीच्या बाहेर पडायचं नसेल तर ठीक. बेटावर नौदल, बंदर आणि गोदामं, चालत जाऊन चहा प्यावा अशी पेठ नाही. एडापल्ली आणि काकनाड म्हणजे मॉल आणि आयटी कंपन्या, तिथे कामाशिवाय का राहावं मला कळलं नाही. विमान पहाटेचं असेल तर शेवटची रात्र आलुव्याकडे काढावी. विमानतळ नेडुंबासेरीला, शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, आणि मेट्रो आलुव्यापर्यंतच जाते. ती फोर्ट कोचीलाही येत नाही, हे मेट्रोचा नकाशा बघून खोली घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

तेव्हा कोचीला निघालात तर आधी घरातल्या प्रत्येकाला संध्याकाळ कशी हवी ते विचारा. म्हातारं माणूस, शाकाहार आणि देऊळ असेल तर एर्नाकुलमची जेट्टी-देवळाची बाजू. रात्री चालायला, बसायला, खेळ बघायला आवडत असेल तर फोर्ट कोची, तळमजल्याची खोली मागून. जेट्टीवरच्या फळ्यावरून शेवटच्या बोटीची वेळ पहिल्याच दिवशी लिहून घ्या, ॲपवरच्या वेळेवर विसंबू नका. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऐनवेळी फोर्ट कोचीचं नाव काढू नका. ३१ तारखेच्या मध्यरात्री तिथे कार्निव्हलमध्ये 'पप्पांजी'चा भला मोठा पुतळा जाळतात, सगळा एर्नाकुलम जिल्हा तिकडे लोटतो, आणि खोल्या कधीच्याच भरलेल्या असतात.